मक्याचं डिप आणि बाबांचं नाक

काडेपेटीतल्या काड्यांचा खुळखुळ आवाज आला की आजही मी उठून आधी खिडकी उघडते. माझ्या घरात काडेपेटी नाही. गॅसला लायटर आहे, तो बिघडला तर दुसरा कपाटात तयार आहे, आणि उदबत्ती मी शेगडीच्या ज्योतीवर पेटवून देवाजवळ नेते. नवरा हसतो. म्हणतो, एवढी शिकलेली बाई आणि काडीला भिते. हसू दे त्याला. त्या दुपारी भिलाईतल्या आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये तो नव्हता. आम्ही तिघं होतो, आई, बाबा आणि मी, आणि आम्ही तिघं त्यातून वाचलो ते आईच्या पायांतल्या चपळाईमुळे. इतकं म्हटलं की लोकांना वाटतं, मी काही मोठा अपघात सांगणार. अपघात झालाच नाही. जे झालं त्याचा धक्का मात्र मला अजून पुरता पचलेला नाही.

क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे छोटा व्हरांडा आणि मागे बाडी. बाडीत पपई, भेंडी, आणि पावसाळ्यात मक्याच्या चार ओळी. आई भंडारा जिल्ह्यातली, शेतकऱ्याची लेक. मातीचा तुकडा मोकळा दिसला की तिचा हात शिवशिवायचा. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. मिलच्या छताखाली वर केबिनमध्ये बसायचं आणि खालचं लाल लोखंड उचलून पलीकडे ठेवायचं, हे त्यांचं काम. तिथे इतका आवाज असायचा की खालच्या माणसाचं बोलणं वर पोचत नसे. तो हाताने खुणा करायचा, आणि बाबा त्या हाताकडे बघून लोखंड हलवायचे. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. बापाचं काम कोणती पोर कान देऊन ऐकते?

बाबांची कीर्ती मात्र त्यांच्या कामामुळे नव्हती. ती त्यांच्या नाकामुळे होती, आणि मरोद्यापासून भिलाई-तीनपर्यंत आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांत पसरली होती. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही. देवाआधी जिभेला लागलं की उष्टं झालं. मग मीठ बरोबर पडलं की नाही हे ओळखायचं कसं? वासावरून. मिठाला वास नसतो असं शाळेत सायन्सच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मी हात वर करून सांगितलं होतं, “आमच्या बाबांना येतो.” वर्गात हशा पिकला. पण आमच्याकडच्या जुन्या बायांना आजही विचारा, त्या सांगतील की मीठ कमी असलेल्या भाजीचा वास वेगळा येतो, जरा कच्चट. बाबांना तो वास आईपेक्षाही लवकर यायचा. महालक्ष्म्यांच्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसायचे. आई कढीत मीठ टाकायची, बाबा मान जराशी पुढे करून दीर्घ श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, “मंदे, चिमूटभर अजून.” आई चिमूटभर टाकायची. आणि पंगतीत कुणाचाही हात मिठाच्या वाटीकडे जायचा नाही. देवळातल्या भंडाऱ्याच्या जेवणालाही त्यांना बोलावणं यायचं. त्यांची एकच अट असायची, “मीठ माह्यासमोर टाका, मंग सांगतो.” लोकांना तो त्यांचा ऐटीचा भाग वाटायचा.

त्या वर्षी मी बारावीत होते आणि डोक्यात खूळ शिरलं होतं मक्याच्या डिपचं. शेजारची अंजू, तिची मोठी बहीण रायपूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती. ती सुट्टीत आली आणि तिने त्या दोघींच्या घरी मेक्सिकन कॉर्न डिप केलं. भाजलेल्या मक्याचे दाणे, दाट मलईदार चीजचं मिश्रण, वर लिंबू, लाल तिखट आणि सांभार, म्हणजे पुण्यामुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. मी तीन वेळा घेतलं आणि चौथ्यांदा लाजले. घरी येऊन आईच्या मागे लागले. आईने कणीक मळता मळता चौकशी केली.

“म्हणजे चटणी का?”

“चटणी नाही आई, घट्ट असते.”

“मंग पिठलं.”

“पिठलं नाही ना! थंड असते, वरून बुडवून खायचं.”

“थंडं पिठलं,” आई बाबांना म्हणाली. “पोरगी बारावीत गेली अन् थंडं पिठलं शिकून राहिली.”

बाबा हसले आणि म्हणाले, करू दे, मी वास घेऊन सांगतो मीठ. परवानगी मिळाली. अट एकच, फुलोऱ्याचे पाच भुट्टे सोडायचे. महालक्ष्म्यांवर जो फुलोरा टांगतात त्यात करंज्या, पापड्यांबरोबर आमच्या बाडीचे भुट्टे असलेच पाहिजेत, असा आईचा दंडक होता. ते पाच तिने लाल दोरा बांधून झाडावरच राखून ठेवले. बाकीच्यांतले सहा मी तोडले. आदल्या रात्री दही फडक्यात टांगलं, चार दिवसांची साय साठवली, सुपेल्याच्या बाजारातून चीजचं छोटं पाकीट आणि मक्याचं पांढरं पीठ आणलं. पैसे स्वतःच्या खाऊचे. आता हसू येतं, पण त्या वेळी मला वाटत होतं की आमच्या सेक्टरात नवं काही पहिल्यांदा मीच आणते आहे.

बाबांची सुट्टी होती. आई देवळात गेली होती. पावसाची झड नुकतीच थांबली होती, पण वारा होता, आणि वाऱ्याने ज्योत फरफरत होती म्हणून मी खिडकी लावून घेतली. मागचं दारही लोटलं. भुट्टे थेट आचेवर भाजले. दाणे तडतडत होते, काळे डाग पडत होते, आणि असा खमंग वास सुटला की अंजू कुंपणापलीकडून ओरडली, “क्या बना रही है रे? पूरा मोहल्ला महक रहा है!” बाबा दाराशी पाटावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, “बाबा, वास पाहा!” ते म्हणाले, “झकास,” आणि पान उलटलं. भुट्टे झाल्यावर दाणे सुरीने सोलले. मग त्याच शेगडीवर दूध, साय आणि मक्याचं पीठ कालवून पातेलं ठेवलं. ते घट्ट झालं की चीज घालायचं, मग निववून त्यात चक्का आणि दाणे. तेवढ्यात आठवलं, सांभार तोडायचा राहिला. मी बाबांना म्हटलं, “दुधाकडे लक्ष ठेवा हं. करपल्याचा वास आला की आवाज द्या.” ते म्हणाले, “जा.” मी निर्धास्त गेले. ज्या घरात असं नाक राखणीला बसलेलं आहे तिथे दूध करपण्याची भीती कुणाला वाटावी?

बाडीत अंजूने मला गाठलं. नाचोज नाहीत तर कशाशी खाणार, यावर आम्ही दोघींनी बरीच चर्चा केली. शेवटी ती म्हणाली, “ज्वार के पापड़ तल ले, कौन देखने आ रहा है.” मी ओला सांभार घेऊन मागचं दार ढकललं आणि जागीच थिजले. आतून गॅसचा भपकारा तोंडावर आला. इतका दाट की डोळ्यांत पाणी आलं. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, कॉक तसाच उघडा होता, आणि बाबा ओट्याजवळ उभे होते. त्यांनी सांडलेलं दूध फडक्याने स्वच्छ पुसलं होतं, पातेलं नीट बसवलं होतं. त्यांच्या एका हातात काडेपेटी होती आणि दुसऱ्या हातात काडी. माझ्याकडे बघून ते शांतपणे म्हणाले, “विझली होती गं. थांब, पेटवून देतो.”

 आज इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगते, मला ओरडता आलं नाही. ती काडी पेटीच्या कडेला टेकलेली मला दिसत होती. आणि तेवढ्यात पुढच्या खोलीतून आई धावत आली, देवळातलं ताट तिच्या हातातून कुठेतरी पडलं, आणि तिने बाबांच्या हातावर सगळा जोर लावून फटका मारला. काड्या ओल्या फरशीवर विखुरल्या. आईने कॉक बंद केला, खिडकी धाडकन उघडली आणि माझ्यावर खेकसली, “लाईटच्या बटनाले हात लावशील तर खबरदार! भायेर हो! तुमीबी भायेर व्हा!”

आम्ही तिघं बाडीत मक्याजवळ उभे राहिलो. बाबा आपल्या लाल झालेल्या हाताकडे बघत होते. माझ्या आईने बाबांवर हात उचलला, हे माझ्या मनाला आधी लागलं. बाकीचं मागून आलं. 

“घरभर गॅस झाला अन् तुमी काडी ओढून राहिले? तुमाले वास नाही आला?”

“सर्दी झाली,” बाबा म्हणाले.

“कधी झाली? सकाळी तर पेपरवाल्याशी गप्पा हाणून राहिले होते.”

 आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती आत गेली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. ती पदराआड काहीतरी घेऊन आली आणि बाबांना म्हणाली, “डोये मिटा.” बाबांनी मुकाट्याने मिटले. तिने त्यांच्या नाकाखाली हिंगाची डबी उघडून धरली. मला दोन हातांवरूनही तो दर्प झोंबला.

“काय हाय हे?”

बाबांनी तोच दीर्घ श्वास घेतला, मान जराशी पुढे करून, महालक्ष्म्यांच्या दिवशी घ्यायचे तसाच. मग म्हणाले, “जिरं.”

आईच्या हातातली डबी तशीच राहिली. बाबांनी डोळे उघडले, डबी पाहिली आणि खाली ओल्या मातीत बसले.

“कधीपासून?” आईने विचारलं.

“त्या मोठ्या तापात गेलं. शालू तिसरीत होती तवा.” शालू म्हणजे मी. “वाटलं, येईल महिन्याभरात. नाही आलं. मंग महालक्ष्म्या आल्या. तू इचारलं मीठ कसं हाय, अन् मी बोलून गेलो. बरोबर निंघालं. मंग कसं सांगू?”

मी बोटांवर मोजलं. नऊ वर्षं. नऊ वर्षं रोज रात्री ताटावर बसताना बाबा म्हणायचे, “काय वास सुटला, मंदे!” आईने शेजारणीसमोर मिरवलेलं ते वाक्य. मी पहिल्यांदा केलेल्या वरणाला त्यांनी दिलेली शाबासकी. आणि आज, माझ्या भुट्ट्याला म्हटलेलं “झकास.” मला रडू आलं नाही, राग आला. माझा बाप रोज जेवताना खोटं बोलत होता आणि आम्ही रोज त्यावर फुगत होतो.

“नऊ वर्षं तुमी देवीले फसवलं,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “अन् मले.”

“मीठ कधी चुकलं का पण?”

“तेच इचारून राहिली. नाही चुकलं. कावून नाही चुकलं? वास नाही तर कशानं सांगत होते?”

बाबांनी वर पाहिलं. “तुह्या हातानं. मी दिवसभर वरून हातच पाहतो ना. खालच्या माणसाले लोखंड जड वाटते का हलकं, भेव हाय का भरोसा हाय, सारं मले त्याच्या हातात दिसते. तू मीठ टाकतानी तुह्या बोटांत शंका असली का चिमूट आखडते. मी म्हणतो, अजून टाक. भरोसा असला का मूठ मोकळी असते. मी म्हणतो, बरोबर हाय. तुले जे वाटून राहिलं, तेच मी तुले सांगत होतो.”

आई पाठ फिरवून घरात गेली.

मागे करोनाच्या साथीत माझंही नाक बंद पडलं, पंधरा दिवस. तापाचं काही वाटलं नाही, पण पाचव्या दिवशी मी मुलाचं डोकं छातीशी धरलं आणि मला काहीच आलं नाही, ना तेलाचा वास, ना घामाचा. मी हादरले. घर माझंच, माणसं माझीच, आणि मी काचेपलीकडे उभी. मी नवऱ्याला सांगितलं, आईला फोन केला, डॉक्टरला दहा वेळा विचारलं, सगळ्या जगाला ऐकवलं. बाबांनी हे नऊ वर्षं कुणालाही न सांगता काढलं होतं. तोवर बाबा गेले होते, नाहीतर मी गाडी काढून त्याच दिवशी भिलाई गाठली असती. त्या वयात मात्र मला फक्त फसवलं गेल्याचा संताप होता.

डिपचं मला भानच नव्हतं. संध्याकाळी आईनेच मला हाक मारली. “भुट्टे वाया घालवू नको. कर पुरं.” घर उघडं टाकून दोन तास झाले होते, तरी शेगडी पेटवण्याआधी मी तीनदा हुंगून पाहिलं. चीज वितळवलं, निववलं, चक्का, दाणे, लसूण, मीठ, लिंबू, तिखट, सांभार घातला. ज्वारीचे पापड तळले. तिघं जेवायला बसलो. आईने एक घास खाल्ला आणि नजर ताटात ठेवली. मी बाबांना विचारलं, आणि खरं सांगते, दुखवण्यासाठीच विचारलं, “कसं झालं?”

आईची मान वर झाली. बाबांनी पापडाचा तुकडा डिपमध्ये बुडवला, खाल्ला, बराच वेळ चावला.

“थंडं हाय,” ते म्हणाले. “मऊ हाय, टाळूले लागते. दाणा दाताखाली फुटते तवा पाणी सुटते गोड. मंग आंबट येते, लिंबाचं असन. शेवटी तिखट. मीठ बरोबर हाय.” ते थांबले. “भाजल्याचा वास कसा आला असन, ते मले नाही माहीत, बेटा.”

माझ्या हातातला पापड तुटला. नऊ वर्षांत त्या माणसाने ताटावर बसून पहिल्यांदा खरं सांगितलं होतं, आणि इतकं नीट माझ्या कोणत्याच पदार्थाचं वर्णन कुणी केलेलं नव्हतं. आजही मी हे डिप करते. मुलं “मस्त” म्हणतात आणि मोबाईलमध्ये बघतात. मी त्यांना बाबांसारखं सांगायला लावते, ती वैतागतात.

त्यानंतर आईने भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बाबांना चहा द्यायची, डबा द्यायची, धुतलेले कपडे द्यायची. पण स्वयंपाक करताना दाराकडे पाठ करून उभी राहायची. पूर्वी ती आडवी उभी असायची, पाटावरून तिचे हात दिसायचे. आता खांदे तेवढे दिसत. बाबा दोन दिवस दाराशी बसले, तिसऱ्या दिवशी पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला. मला तो भिंतीचा पाट बघवत नव्हता. माझा राग तोवर केव्हाच विरला होता, आणि या घरात पुन्हा कधी “चिमूटभर अजून” ऐकू येईल की नाही, याची धास्ती लागली होती. आई मला एकदाच म्हणाली, कणसाची सालं काढताना, “नऊ वर्षं मले वाटे, ते भाजी हुंगून राहिले. ते मलेच पाहून राहिले होते. माह्या अंगावर आजबी काटा येते.” तो काटा रागाचा होता की आणखी कशाचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

महालक्ष्म्या आल्या. लाल दोऱ्याचे पाच भुट्टे फुलोऱ्यात चढले. उतई गावची मामी आदल्या दिवशीच मदतीला आली होती. आंबील झाली, पुरण झालं, वडे झाले. सोळा भाज्यांच्या एकत्र भाजीचं मोठं पातेलं जमिनीवर मोठ्या शेगडीवर चढलं होतं, आणि आई त्याच्यापुढे बसली होती, दाराकडे पाठ करून. बाबा बाहेर केळीची पानं पुसत होते. मामीने इकडेतिकडे पाहिलं. “भाऊजी नाही बसले दाराशी? मीठ कोण सांगन?”

 आईने मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ भरली आणि पातेल्यावर नेली. मूठ तिथेच थांबली. वाफ तिच्या मनगटाभोवती वर जात होती. तिने थोडं परत बरणीत टाकलं, मग पुन्हा उचललं. हयातभर स्वयंपाक केलेली बाई, आणि तिला आपल्याच हाताचा भरवसा वाटत नव्हता. मामी पुढे सरकली. “मी हुंगून सांगू का, वन्सं?”

“नाही,” आई म्हणाली. “माणूस ओळखणारं नाक हाय आमच्या घरी. शालू, बाबाले बोलाव.”

मी धावत गेले. बाबा ओल्या हातांनी आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. भिंतीचा पाट मी आणून टाकला. ते बसले, पण मान त्यांनी पुढे केली नाही, श्वासही घेतला नाही. त्यांना समोर आईची पाठच दिसत होती. आई उठली. मीठ मुठीत तसंच धरून पातेल्याला वळसा घालून पलीकडे गेली, आणि दाराकडे तोंड करून बसली. मूठ तिने जरा उंच धरली.

“दिसून राहिलं का?” तिने विचारलं.

मामी हसली. “माय, वास का दिसते?” 

“दिसून राहिलं,” बाबा म्हणाले. मग बराच वेळ ते त्या मुठीकडे बघत राहिले. “भिऊन राहिली तू, मंदे. टाक.”